खांबावरचं अस्वल

आमच्या परसामागच्या खांबावरचा दिवा मीच अर्ज करकरून लावून घेतला होता, आणि पुढे तो झाकायला मलाच शिडी लावावी लागली.

अर्ज करण्याचं कारण सरळ होतं. चंद्रपूर शहर आमच्या कॉलनीपाशी संपतं. मग आमच्या परसाची कमरेइतकी भिंत, मग पायवाट, मग नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल. शहर इथे संपलं हे आम्हाला माहीत आहे, जंगलाला तसं कोणी कळवलेलं नाही. त्यामुळे रानडुकरं, कोल्हे आणि अधूनमधून त्याहून मोठी मंडळी पायवाटेवर फिरायला येतात. म्हणून मी दिव्याची मोहीम काढली. पाच अर्ज लिहिले, पाचांवर पहिली सही माझी, आणि दिवा लागला त्या संध्याकाळी खांबापुढे नारळही मीच फोडला. दिवा असा लखलखीत, की रात्री बारा वाजता परसात बसून सुईत दोरा ओवावा.

त्यानंतर सहा महिन्यांनी मी दुर्बीण घेतली.

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे विज्ञान शिकवतात दुसरे, चंचुपात्रं विसळतो मी. पण कॉलनीत मला सगळे 'सर' म्हणतात. (मी कधी दुरुस्त केलेलं नाही. लोकांचं मन कशाला मोडा?) शाळेच्या कपाटात आकाशावरचं एक जुनं पुस्तक सापडलं, त्यात दूरदूरच्या आकाशगंगांचे फोटो होते, आणि पन्नाशीच्या माणसाला कसलं ना कसलं वेड लागायचंच असतं. कोणाला गुडघ्याच्या तेलाचं लागतं, मला आकाशगंगांचं लागलं. तेही ठळक, साध्यासोप्या आकाशगंगांचं नाही, अगदी अंधुकांचं! सिंह राशीत एकमेकींच्या जवळ दिसणाऱ्या तिघी आहेत. त्यांचा उजेड इथे पोचायला तीन कोटी वर्षं लागतात. तो बिचारा एवढा प्रवास करून चंद्रपुरापर्यंत सुखरूप येतो आणि शेवटच्या पंधरा फुटांवर, मी लावून घेतलेल्या दिव्यात बुडून मरतो.

दिवा एकटाच दोषी होता असं नाही. एका बाजूला वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणीचा झगमगाट, वर धुळीची चादर, आणि शेजारी गेटवर सर्चलाइट लावून झोपणारे शेंडेसाहेब. शेंडेसाहेब वीज केंद्रातून निवृत्त झाले आहेत आणि कॉलनी समितीचे अध्यक्ष आहेत. आयुष्यभर त्यांनी वीज तयार केली, आता ती संपवण्याची जबाबदारीही स्वतःच्या शिरावर घेतली आहे.

अशा फोटोची रीत अशी. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, मोटर लावून दुर्बीण ताऱ्यांच्या मागेमागे हळूहळू फिरवायची, दोन-दोन मिनिटांचे शंभर-दीडशे फोटो काढायचे आणि ते लॅपटॉपवर एकावर एक रचायचे. मग डोळ्यांना न दिसणारी गोष्ट त्यातून हळूच वर येते, असं पुस्तकात लिहिलं होतं. मी महिनाभर रचत होतो. माझ्याकडे वर यायचा तो एक नारिंगी चौकोन. मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिला चौकोन बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "संत्रा बर्फी होय का हे?"

मंदा शिलाईचा क्लास चालवते. पुढच्या खोलीत सहा मशिनी, आठ बाया आणि त्यांच्या मधून अंग चोरून ये-जा करणारा मी, असं आमचं घर आहे. तिला परसावर टिनाचं छप्पर टाकून क्लास तिकडे न्यायचा होता. मागणी रास्त होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण परसावर टिनं पडली की माझं आकाश संपलं. घर कौलारू, त्यामुळे गच्ची नाही. आणि दुर्बीण घेऊन रात्री नाल्यापलीकडे जाऊन बसावं, इतका काही मी विज्ञाननिष्ठ नाही.

बरीच घासाघीस झाल्यावर मंदानं शर्त घातली.

"पाडव्यापर्यंत एक फोटो काहाडून दाखवा," ती म्हणाली. "कशाचा होय ते तुमी नाई सांगाचं. मोहल्ल्यातल्या कोनालेबी दाखवू. त्यानं पाह्यल्याबरोबर वळखला, तं टिनं नाई टाकत. नाई वळखला, तं पाडव्याले मिस्त्री येते."

पाडवा म्हणजे अमावास्येनंतरचा दिवस. त्याच्या आधीच्या आठवडाभर रात्री चंद्राची कटकट नसते. राहिली होती ती फक्त दिव्याची कटकट, आणि ती मिटवायला सहावा अर्ज करण्याचं तोंड मला नव्हतं. ज्या माणसानं 'नागरिकांच्या जिवाचा प्रश्न' असं पाच वेळा लिहून दिलं, त्यानं 'आता जिवाचं राहू द्या' असं कसं लिहायचं?

तेव्हा मी तांदळाचं एक रिकामं पोतं घेतलं. रात्री कॉलनी झोपली की भिंतीपलीकडे शिडी लावायची, खांबावर चढायचं, दिव्याला पोत्याची टोपी घालायची, आणि पहाटे कोणी उठायच्या आत टोपी काढून घ्यायची. डोक्याला लाल दिवा बांधायचा, कारण अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडानं बिघडत नाहीत. अंगावर काळं ब्लँकेट घ्यायचं, कारण लॅपटॉपचा उजेड बाहेर फुटता कामा नये. ब्लँकेट डोक्यावरून पार खालपर्यंत ओढून त्याच्या आत लॅपटॉप बघायचा. मार्च संपत आलेला, चंद्रपूरचा उकाडा, आणि मी ब्लँकेटात! विज्ञानासाठी थोरामोठ्यांनी काय काय सोसलं ते मी वाचलेलं होतं. घामोळ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

पण चौकोनाचा रंग बदलला. नारिंगीचा तपकिरी झाला, आणि तिसऱ्या रात्रीच्या तपकिरीत तीन पुसट डाग दिसले. मी मंदाला झोपेतून उठवून दाखवले. लेन्सला बुरशी लागली आहे, असं सांगून ती पुन्हा झोपली.

त्याच सकाळी गिरजाबाई घरी आल्या. गिरजाबाई आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, वय पासष्टच्या पुढे. मोहाचे दिवस सुरू झाले की त्या पहाटे चारला टोपली घेऊन नाल्याकाठच्या मोहाखाली जातात. मोहफूल रात्रीतून गळतं आणि उजाडायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर गाईढोरं फस्त करतात. त्यातली दोन ओंजळी फुलं त्या मंदाला देतात, आणि मंदा ती परसात चटईवर वाळवते. खांबावर दिवा लागला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद गिरजाबाईंना झाला होता. त्यांची ती पायवाट त्या उजेडात नाल्यापर्यंत स्पष्ट दिसायची.

"सर, अस्वल होतं जी," त्या दारातूनच म्हणाल्या. "खांबावरून खाली उतरून राह्यलं होतं. काळंभोर. कपाळाले एकच डोळा, लालभडक. अन् तोंडात पोतं."

मंदा चहा गाळत होती. तिनं गाळणी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर इथे मी खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. पण पाडव्याला पाच दिवस राहिले होते आणि तीन डाग नुकते कुठे वर येत होते. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणालो की अस्वलं चढतात, त्यांना तशी नखं असतात. विषय संपवायचा म्हणून मी हे बोललो. विषय तिथेच सुरू झाला.

दहा वाजेपर्यंत अस्वल कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर गेलं. दुपारपर्यंत त्याला जोडीदारीण मिळाली आणि पोत्यात बकरीचं पिल्लू होतं असं ठरलं. संध्याकाळी शेंडेसाहेबांनी आपला अनुभव पणाला लावून मत दिलं, की आधी दिवा घालवून मग येणारं जनावर साधं नाही, त्याला लाइनीची माहिती आहे. आणि जो तो येऊन मला विचारी, "सर, खरंच चढते का जी अस्वल खांबावर?" मी प्रत्येकाला नखांचं सांगत होतो. दिवस मावळेपर्यंत माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत आला होता.

दुसऱ्या दिवशी वनविभागाच्या उईके मॅडम आल्या. तिशीच्या, अहेरीकडच्या, वनरक्षकाच्या खाकी गणवेशात, आणि कशाचंच आश्चर्य न वाटणारा चेहरा. त्यांनी खांबाभोवती दोन चकरा मारल्या, गुडघ्यावर बसून माती पाहिली, मग मला विचारलं की पायाचा ठसा एकही नाही, आणि हे दोन खळगे कसले, अगदी सारख्या अंतरावरचे?

"अस्वल दोन पायांवर उभं राहतं," मी म्हणालो.

"पाय चौकोनी हायेत का त्याचे?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, मोहाच्या दिवसांत अंधारात एकटंदुकटं फिरू नका, मोहाच्या वासानं अस्वल कुठूनही येतं, असं सगळ्यांना बजावलं आणि नाल्याच्या बाजूला निघून गेल्या. जाताना त्या भिंतीच्या कोपऱ्यावरच्या बाभळीपाशी जरा रेंगाळल्या. चपलेत काटा मोडला असेल, असं मला वाटलं.

त्या रात्री शेंडेसाहेबांच्या ओट्यावर कॉलनीची सभा झाली. कोणी म्हणे आणखी दोन दिवे लावा, कोणी म्हणे सायरन बसवा. आणखी दोन दिवे! एक दिवा झाकता झाकता माझी पाठ धरली होती, तीन दिव्यांना टोप्या घालायला मी काय शिंपी आहे? (शिंपीण घरात होती, पण तिला सांगायची सोय नव्हती.) आणि मग ज्या तोंडानं मी पाच अर्ज वाचून दाखवले होते, त्याच तोंडानं उठून भाषण केलं.

अस्वलाचं मुख्य अन्न किडे आणि वाळवी, मी म्हणालो. दिव्याला किडे येतात. किड्यांच्या मागे अस्वल येतं. म्हणजे अस्वलाला आमंत्रण कोण देतं? आपला दिवा! पाडव्यापर्यंत तीन रात्री कॉलनीतला एकूण एक बाहेरचा दिवा बंद ठेवा, अस्वल आपोआप दुसरीकडे जाईल. वाक्यं अशी जमून आली की मलाच कौतुक वाटलं. शेंडेसाहेब थोडे कुरकुरले, पण सर म्हणतात तर असेल, असं म्हणून तेही तयार झाले. दिव्यासाठी दोन वर्षं झगडलेल्या त्या लोकांनी माझ्या एका भाषणावर आपण होऊन अंधार मान्य केला. आता शिडी नको, पोतं नको. सरकारी खांबाचा दिवासुद्धा शेंडेसाहेबांनी ओळखीच्या लाइनमनला सांगून बंद करवला.

सभा मोडताना गिरजाबाई माझ्याजवळ आल्या. मोहाला जाऊ की नको, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाल्या.

"खुशाल जा," मी म्हणालो. "अस्वल येत नाही. मी सांगतो ना."

अस्वल नाही हे अख्ख्या कॉलनीत खात्रीनं सांगू शकणारा मी एकटाच माणूस होतो.

पहिली रात्र तयारीत गेली, दुसऱ्या रात्री पातळ ढग होते. तिसरी, अमावास्येची रात्र मात्र अशी उघडली की काय सांगू. त्या घरात मी बावीस वर्षं राहतो आहे, पण परसातून इतके तारे मी कधी पाहिले नव्हते. वीज केंद्राचा उजेड होताच, खाणीचाही होता, पण आमची गल्ली काळी झाल्याबरोबर डोक्यावरचं आकाश खोल खोल होत गेलं. मला खरंच आनंद झाला. खोटं बोलून मिळवलेला आनंद इतका निर्भेळ असू नये, पण तो होता. दुर्बीण टिकटिक करत सिंहाच्या मागे सरकत होती, फोटोमागून फोटो येत होते, आणि प्रत्येक फोटोत ते तीन डाग आपापल्या जागी होते. पाडव्याला मिस्त्रीला दारातूनच परत पाठवायचं, तेव्हा काय बोलायचं याची मी ब्लँकेटात जुळवाजुळव करत होतो.

साडेतीनच्या सुमाराला मागे पावलं वाजली. मंदा अधूनमधून चहा आणून देते, तशी ती आली असणार.

"पाय जपून टाक, वायर आहे," मी आतूनच म्हणालो.

नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

"सर्दी झाली का?" मी विचारलं. "मग झोपायचं ना. चहा ठेव खाली आणि जा."

मंदा गेली नाही. माझ्या उजव्या हाताला चटईपाशी बसली आणि मचमच आवाज करत काहीतरी खाऊ लागली. रात्री साडेतीनला ही काय खाते आहे, हा प्रश्न मला पडला, पण शहाऐंशी नंबरचा फोटो चालू होता. मी ब्लँकेटातून हात बाहेर काढला आणि कपासाठी चाचपडला. हाताला राठ, केसाळ असं काही लागलं.

"या उकाड्यात घोंगडी कशाला घेतलीस?" मी म्हणालो.

मचमच थांबली. हाताला गरम श्वास लागला. श्वासाला मोहाचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक वास होता, जो बावीस वर्षांच्या संसारात मंदाला कधीच आला नव्हता. मी सावकाश हात आत घेतला. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर एकही आठवेना. डोळ्यांसमोर लॅपटॉपवर सत्त्याऐंशी नंबरचा फोटो आला, आणि तो फार सुंदर आला होता.

मी किती वेळ तसा बसलो, मला माहीत नाही. अस्वलानं पुन्हा खायला सुरुवात केली. माझ्यापासून एका हातावर ते मंदाची फुलं खात होतं आणि मी ब्लँकेटाच्या तंबूत, कपाळाला लाल दिवा लावून, श्वास मोजत होतो. शंभरावा फोटो झाला. एकशे चारावा झाला. तेवढ्यात पायवाटेवर टॉर्च चमकली. गिरजाबाई मोहाला निघाल्या होत्या, मी जा म्हटलं होतं म्हणून.

टॉर्च भिंतीवरून परसात फिरली आणि थांबली. त्यांना दिसली दोन अस्वलं, एक खाली बसलेलं, एक स्टुलावर बसलेलं.

मोहाला जाणाऱ्या बाया सोबत तेलाचा रिकामा डबा ठेवतात, जनावर दिसलं तर बडवायला. गिरजाबाईंनी डबा खाली ठेवून विळ्याच्या पाठीनं असा बडवला की मला वाटलं वीज केंद्राचा बॉयलर फुटला. पहिलं अस्वल भिंत ओलांडून नाल्याकडे धूम पळालं. दुसरं अस्वलही पळालं. पण दुसऱ्याच्या पायात वायर अडकली, वायरीमागे लॅपटॉप आला, लॅपटॉपमागे दुर्बीण, आणि सगळी वरात पपईच्या बुंध्यावर जाऊन आदळली. दुसरं पळत नाही असं पाहून गिरजाबाईंनी त्याला दगड मारला. नेम चांगला होता. मी ओरडलो तसा दुसरा मारला.

"मारू नका, मी मधुकर!" मी ब्लँकेटातून ओरडलो.

"कोन मधुकर?" तिसरा दगड हातात घेऊन त्यांनी विचारलं.

"सर!"

टॉर्च माझ्या तोंडावर आली, मग कपाळावरच्या लाल दिव्यावर गेली, आणि तिथे बराच वेळ राहिली.

उजाडल्यावर उईके मॅडम आल्या आणि सरळ बाभळीपाशी गेल्या. चपलेत काटा वगैरे काही मोडला नव्हता. जनावरांचे फोटो आपोआप काढणारा कॅमेरा त्या दिवशी त्यांनी तिथे बांधून ठेवला होता, समोर खांब आणि बाजूला आमचं अर्धं परस येईल असा. शेंडेसाहेबांच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्यांनी सगळ्या कॉलनीला फोटो दाखवले. पहिल्यात, म्हणजे सभेच्या रात्रीच्या फोटोत, मी. सभा संपल्यावर, लाइनमन दुसऱ्या दिवशी येणार म्हणून, शेवटचं एकदा पोतं घेऊन शिडी चढताना. दुसऱ्यात मी, तोंडात पोतं धरून उतरताना. (हात शिडीला लागतात, दुसरं कुठे धरणार?) मग अमावास्येची रात्र. ब्लँकेटातला मी. मागून येणारं अस्वल. शेजारी बसलेलं अस्वल. आणि मग तो फोटो, ज्यात मी अस्वलाच्या मानेवर हात ठेवलेला आहे.

शेंडेसाहेबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. उईके मॅडमनी वहीत पाहिलं आणि विचारलं, "चौकोनी पाय शिडीचे होते नं, सर?" मी हो म्हटलं. दिवे आजपासून चालू, आणि शिडी पुन्हा दिसली तर जप्त, असं त्यांनी सांगितलं. मी त्यालाही हो म्हटलं.

मग गिरजाबाई बोलल्या, अगदी हळू.

"तुमाले मालूम होतं नं, की ते अस्वल नाई, तुमीच हाव म्हून. म्हून मले जा म्हटलं."

मला आजवर पुष्कळदा लाज वाटली आहे, तिची मला सवय आहे. पण ही निराळी होती. त्या बाईला दिसावं म्हणून मी दिवा लावून घेतला होता, आणि माझ्या तीन डागांसाठी तिला अंधारात पाठवलं होतं. अस्वल परसात न येता पायवाटेवर बसलं असतं तर? आणि वर तिनंच येऊन मला वाचवलं. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, दगड लागला तिथं हळद लावा.

तो दिवस पाडव्याचाच. मिस्त्री टिनं घेऊन अकराला हजर. पण दुर्बीण पडायच्या आधीचे एकशे चार फोटो शाबूत होते, आणि ते मी तोवर बसून रचले होते. आणि खरं सांगतो, त्या तिघी त्यात होत्या! मळकट, फिकट, पण तीन वेगवेगळ्या, एक आडवी, दोन तिरप्या. मंदानं लॅपटॉप हातात घेतला आणि या वेळी बर्फी म्हणाली नाही. हे खरंच तीन कोटी वर्षांचं आहे का, एवढंच तिनं विचारलं, आणि शर्त ती शर्त म्हणून लॅपटॉप घेऊन शेंडेसाहेबांकडे गेली. मी मागोमाग. तोंड उघडायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं.

शेंडेसाहेबांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अस्वलाच्या पायाचे ठसे," ते म्हणाले.

मी एक शेवटचा प्रयत्न केला. वनविभागाचा तो फोटो, मी आणि अस्वल, एव्हाना सिंदेवाहीच्या माझ्या मेव्हण्यापर्यंत पोचला होता. आमच्याच परसातला, रात्रीचा, आणि ज्यानं ज्यानं पाहिला त्यानं पाहताक्षणी ओळखलेला. शर्तीत बसत नाही का?

"वळखला सगळ्यायनं," मंदा म्हणाली. "पन काहाडला तुमी नाई."

दुपारी टिनं पडली. आता तिथे सहा मशिनी चालतात, आणि दुर्बीण पलंगाखाली आहे.

मोहाचे उरलेले दिवस मी गिरजाबाईंसोबत पहाटे चारला नाल्यावर जातो. शिक्षा म्हणा, प्रायश्चित्त म्हणा, मी आपण होऊन मागून घेतलं. त्या वाकून फुलं वेचतात, मी डबा घेऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी त्यांना म्हटलं, बाई, सोबत मी कशाला, शेंडेसाहेबांना बोलवा, त्यांच्याकडे काठी आहे, सर्चलाइट आहे. त्यांनी मान वर न करता पुढचं फूल टोपलीत टाकलं.

"तुमीच बरे," त्या म्हणाल्या. "त्यानं तुमाले जवळून पाह्यलं नं? आता नाई येत ते इकडं."